मिल बंद झाल्या तेव्हा इंदुरात बेकार किती होते?

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत एका तरुण सभासदानं साधा प्रश्न विचारला होता. "काका, कापडमिल बंद पडल्या तेव्हा इंदुरात बेकारी किती वाढली?" मी इंजिनिअर माणूस, आकड्यांची भीती नाही. म्हटलं, रोजगार दफ्तराचे आकडे काढू, आधीचं वर्ष घेऊ, नंतरचं घेऊ, वजाबाकी करू. तासाभराचं काम. त्या तासाभराच्या कामात माझी दोन वर्षं गेली आणि शेवटी उत्तर आलं ते असं, की ही वजाबाकी करताच येत नाही. का येत नाही ते या निबंधात मांडतो. ते "का" हाच आपल्या शहराच्या इतिहासाचा एक तुकडा आहे, असं आता माझं मत झालं आहे.

दफ्तर आलं कुठून?

ज्याला महाराष्ट्रात सेवायोजन कार्यालय म्हणतात आणि आपण इंदुरात नुसतं "रोजगार दफ्तर" म्हणतो, ते मुळात बेकार मोजण्यासाठी निघालेलं नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा फौजेतून मोकळ्या होणाऱ्या शिपायांचं काय करायचं, हा सरकारपुढे प्रश्न होता. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार यांचं एक केंद्रीय खातं निघालं. फाळणीनंतर निर्वासितांची सोय त्याच दफ्तरांकडे आली आणि १९४८ पासून ती सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे शिवराव समितीनं या व्यवस्थेची तपासणी केली. तिच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून रोजचा कारभार राज्यांकडे गेला. तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपी आहे. त्याच दिवशी मध्य भारत राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश झाला. म्हणजे आपलं राज्य आणि हे दफ्तर नव्या मालकाकडे एकाच दिवशी आलं!

दफ्तराचं काम दलालासारखं, अर्थात फुकटातल्या दलालासारखं. इकडे काम मागणाऱ्याचं नाव लिहायचं, तिकडे मालकाकडून जागा कळली की योग्य नावं पाठवायची. ज्यांची नावं लिहिली आहेत आणि ज्यांना अजून दफ्तरामार्फत काम लागलेलं नाही, त्यांच्या वहीला "लाइव्ह रजिस्टर" म्हणतात. वर्तमानपत्रात "जिल्ह्यात इतके हजार बेकार" असा मथळा यायचा, तो आकडा या वहीतला. पण ही वही म्हणजे खिडकीवर आलेल्यांची यादी. जो खिडकीवर आलाच नाही तो तिच्यात नाही. आणि जो एकदा आला, मग दुसरीकडून नोकरी मिळवून गेला, पण सांगायला परत आला नाही, तो नूतनीकरणाची तारीख टळेपर्यंत तिच्यात आहेच.

यातला दुसरा प्रकार मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो मीच होतो.

माझं कार्ड

१९९१ च्या उन्हाळ्यात माझी इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा संपली. तेव्हाची रीत अशी की निकाल लागला की आधी रोजगार दफ्तरात नाव नोंदवायचं, मग पेढे वाटायचे. घरातून वडीलच म्हणाले, "सरकारी जागा निघाली तर कार्डाशिवाय कोण विचारणार?" गेलो, रांगेत उभा राहिलो, नाव लिहिलं. दफ्तर आपल्याजवळ एक कार्ड ठेवतं, त्याला "एक्स-१" म्हणतात. उमेदवाराच्या हाती देतं ते ओळखपत्र "एक्स-१०". त्यावर व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक असतो. तो राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातून येतो. त्या वेळी १९६८ ची आवृत्ती चालू होती.

दिवाळीनंतर मला पिथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तीही ओळखीतून. रोजगार दफ्तरात जाऊन "माझं नाव काढा" असं सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कोणाच्याच येत नसे. उलट घरचे म्हणाले, कार्ड राहू दे, सरकारी कॉल आला तर बरंच. म्हणजे दर महिन्याला पगार घेणारा मी सरकारच्या वहीत बेकार होतो. यात दफ्तराचा काही दोष नाही, चूक माझी. पण माझ्यासारखे किती असतील? त्या सुमारास देशभरच्या लाइव्ह रजिस्टरवर साडेतीन कोटींच्या वर नावं होती. दफ्तरांमार्फत वर्षाला लागणाऱ्या नोकऱ्या तीन लाखांच्या आत. एवढ्या नावांतली खरोखर बेकार किती आणि माझ्यासारखी किती, हे त्या वहीवरून कळायला मार्ग नाही.

मिलचा माणूस

आता दुसरी बाजू. इंदूर कापडाचं शहर झालं ते होळकरांच्या काळात. १८६० च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी सरकारी मिल काढायला घेतली. पुढे १९०९ मध्ये मालवा मिल आणि त्यानंतरच्या दीडेक दशकात हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशी रांगच लागली. परदेशीपुरा, मालवा मिलचा चौक, पुढे वसलेलं नंदानगर, हा सगळा भाग मिलच्या भोंग्यावर उठायचा आणि झोपायचा. आपली मराठी घरंही त्यात कमी नव्हती. काही कारकुनीत, काही लूमवर. १९७४ च्या कायद्यानं मालवा, कल्याणमल, स्वदेशी या मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. हुकुमचंद खासगीच राहिली आणि डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगार होते सुमारे ५,९००.

आमच्या शेजारचे एक काका त्यातलेच. लूमवर पंचवीस वर्षं. डिसेंबरात मिल बंद झाली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलेला, अंगात शहाणपण फार. त्यांना म्हटलं, "काका, रोजगार दफ्तरात नाव लिहून या." ते हसले. म्हणाले, "अरे, ते तुम्हा शिकल्या पोरांसाठी असतं. आणि मी बेकार कुठं आहे? मिलनं मला काढलेलं नाही. भोंगा वाजला की मी जाणार."

तेव्हा मला हा भोळेपणा वाटला. आज वाटतं, काका कायद्याला धरूनच बोलत होते. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी लागत असे. त्यामुळे त्या काळात देशभर कितीतरी मिल कागदोपत्री "बंद" न होता नुसत्या थांबायच्या. वीज तुटायची, पगार थांबायचा, हजेरीपटावर नाव तसंच. अशा माणसानं बेकार म्हणून नाव लिहायचं म्हणजे आपल्या थकबाकीवरचा हक्क आपणच सोडायचा, अशी भीती मिलच्या चाळींतून होती. शिवाय वय चाळिशीच्या पुढे, सरकारी जागांना वयाची अट, आणि लूमचं कसब हातात असलं तरी त्याचं सर्टिफिकेट नाही. दफ्तरानं त्यांना कुठं पाठवायचं?

म्हणजे बघा, १९९१ च्या डिसेंबरात आमच्या बोळात बेकार एक आणि वहीतही बेकार एक. आकडा बरोबर, माणूस चुकीचा. काम असलेला मी वहीत, काम गेलेले काका वहीबाहेर. शहरभर हेच झालं असेल तर मिल बंद होण्याचा धक्का त्या आकड्यात कसा दिसणार? तो आकडा मिलमुळे चढत-उतरत नव्हताच. तो चढायचा परीक्षांचे निकाल लागले की!

मालकाकडून येणारा आकडा

तुम्ही म्हणाल, खिडकी सोडा, मालकाकडूनच आकडा घ्या. ती सोयही आहे. १९५९ मध्ये रिक्त जागा कळवण्याची सक्ती करणारा कायदा झाला आणि १ मे १९६० पासून २०२५ पर्यंत तो लागू होता. सरकारी आस्थापना सगळ्या, आणि खासगी क्षेत्रातल्या शेतीखेरीज पंचवीस किंवा जास्त माणसांच्या, यांनी रिकाम्या जागा दफ्तराला कळवायच्या आणि दर तिमाहीला "ईआर-१" नावाचं विवरण भरायचं. तिमाहीच्या शेवटी पगारपत्रकावर माणसं किती, मागच्या तिमाहीत किती होती, जागा किती झाल्या, किती कळवल्या, किती भरल्या, असे त्याचे रकाने.

हे विवरण मी नोकरीत असताना स्वतः भरलं आहे, म्हणून त्याची नस माहीत आहे. अर्धवेळ माणसं आणि अप्रेंटिस त्यात धरायचे नसत. आणि तेव्हाच्या कायद्यातल्या सवलती पाहा. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची जागा कळवायची गरज नसे. बढतीनं भरायची जागा नाही. दफ्तरातल्या शिपाईगिरीसारखं अकुशल काम नाही. घरगुती नोकर नाहीत. आणि जागा कळवली तरी दफ्तरानं पाठवलेल्यालाच घ्यायचं, असं बंधन कायद्यानं मालकावर घातलेलंच नव्हतं. न कळवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड होता पाचशे रुपयांपर्यंत.

आता हे मिलच्या फाटकाशी लावून बघा. मिलमध्ये रोज सकाळी जी जागा रिकामी व्हायची ती एका दिवसाची. कोणी आजारी, कोणी गावी लग्नाला. त्या जागेवर "बदली" कामगार घ्यायचे. फाटकाशी बदलीवाल्यांचा घोळका उभा असायचा. नाव पुकारलं तर त्या दिवशी कामगार, नाही पुकारलं तर घरी. सोमवारी रोजगार, मंगळवारी बेकारी, बुधवारी परत रोजगार. मिलमधली सगळ्यांत नेमानं होणारी भरती हीच, आणि ती तीन महिन्यांच्या अटीमुळे कायद्याच्या बाहेर. जुने लोक सांगतात की कायम जागाही बहुधा मुलाला, पुतण्याला, गाववाल्याला जायची. म्हणजे "रिक्त जागा किती" या आकड्यात इंदूरच्या सगळ्यांत मोठ्या धंद्याची भरती जवळजवळ उमटतच नव्हती.

आणखी एक मेख आहे. ज्या आस्थापनेकडून विवरण येत नाही तिचा मागचा उपलब्ध आकडाच पुढे धरायची रीत या पद्धतीत होती. मिल थांबली, टाइमकीपर घरी बसला, विवरण भरणार कोण? अशा वेळी थांबलेल्या मिलचे कामगार काही काळ कागदावर कामावरच राहू शकतात. सरकारचं गणित एका बाजूनं त्यांना बेकार म्हणत नाही आणि दुसऱ्या बाजूनं कामावरून उतरवतही नाही.

हद्दीचा घोटाळा

पिथमपूरचं एक सांगायलाच हवं. १९८० च्या दशकात तिथली औद्योगिक वसाहत वाढली आणि इंदूरच्या पोरांना मिलऐवजी नवी वाट मिळाली. मी रोज सकाळी कंपनीच्या बसनं जायचो, बसभर इंदूरचीच माणसं. पण पिथमपूर धार जिल्ह्यात! मालकाचं विवरण कारखाना जिथं आहे त्या जिल्ह्यात जातं. उमेदवाराचं नाव तो राहतो तिथं लिहिलं जातं. म्हणजे बेकार म्हणून मी इंदूरचा, कामगार म्हणून धारचा. नोकऱ्या वाढल्या त्या धारच्या तक्त्यात, मिल गेल्या त्या इंदूरच्या. एकट्या इंदूर जिल्ह्याचे आकडे घेऊन जो कोणी १९९० च्या दशकाचा इतिहास लिहील, त्याला अर्धंच चित्र दिसेल. असे निबंध मी वाचले आहेत. आधी मीही तेच करणार होतो.

दोन जनगणनांच्या मधली फट

राहिली जनगणना. ती तरी घरोघरी जाते, खिडकीवर येण्याची वाट बघत नाही. पण तिच्या तारखा बघा. १९९१ ची गणना फेब्रुवारीत झाली, १ मार्चचा दिवस धरून. काका तेव्हा कामावर होते. वर्षातले १८३ दिवस किंवा जास्त काम केलेला तो "मुख्य कामगार" अशी तेव्हाची व्याख्या, आणि धंदा "घरगुती उद्योगाखेरीज कारखानदारी". मिल बंद झाली डिसेंबरात. पुढची गणना २००१ मध्ये. तोवर काकांनी काही दिवस सायकलवर साबण विकले, काही दिवस एका दुकानात हिशेब लिहिले, मग एका इमारतीवर रात्रीची राखण धरली. २००१ च्या गणनेत ते परत "मुख्य कामगार"च! त्या वर्षी धंद्यांच्या नऊ गटांचे चार मोठे गट झाले होते. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि उरलेले सगळे "इतर". लूमवाला गेला तो "इतर" आणि राखणदार झाला तोही "इतर". दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर काकांच्या आयुष्यात काही घडलंच नाही असं वाटतं.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९३१ च्या जनगणनेत इंग्रजी शिकलेल्या बेकारांसाठी वेगळा तक्ता वाटून पाहिला होता. पण उत्तरं इतकी अपुरी आली की त्यावर विसंबण्यासारखं काही राहिलं नाही. १९७० मध्ये प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं, की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच ठोकळ आकडा काढण्यात अर्थ नाही, निरनिराळ्या तऱ्हांची मोजणी निरनिराळी ठेवा. त्यातून १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत तीन मापं आली: वर्षभराच्या सवयीचं काम, आठवड्याचं आणि रोजचं. यातलं रोजचं माप बदली कामगाराला खरं जवळचं. पण नमुना पाहणी राज्याचं चित्र देते. एका शहराचा, एका मिलच्या वस्तीचा आकडा तिच्यातून निघत नाही. पुढच्या, २०१७ पासूनच्या, नियमित श्रमबल पाहणीतही अनेक वर्षं तेच होतं. जानेवारी २०२५ पासून तिच्या नमुन्याची रचना बदलून जिल्हा हा पायाभूत घटक धरायला सुरुवात झाली. हुकुमचंद मिल थांबून तोवर तीन दशकं उलटली होती.

ज्यांनी मोजलं ते

मग कोणीच मोजलं नाही का? मोजलं. कामगारांनी स्वतः मोजलं.

हुकुमचंद मिलची थकबाकी मिळावी म्हणून कामगार कोर्टात गेले. कोर्टात दावा लावायचा तर नाव लागतं, तिकीट नंबर लागतो, नोकरीची वर्षं लागतात, देणं किती ते लागतं, आणि कामगार वारला असेल तर वारस कोण ते. आठवड्यामागून आठवडे सभा घेऊन, घरोघर फिरून, कागद जमवून ती यादी चालू ठेवावी लागली. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये सोपवले गेले. लाभ होणार अशा कामगारांची संख्या सुमारे ४,८०० सांगितली गेली. बत्तीस वर्षांत कितीतरी जण गेले होते, रक्कम त्यांच्या वारसांकडे जाणार होती. आमच्या काकांचंही तसंच. ते २०१४ मध्ये गेले. त्यांचे कागद काकूंनी ट्रंकेत जपून ठेवले होते.

माझ्या मते १९९१ नंतरच्या इंदूरच्या बेकारीचा सगळ्यांत खरा तक्ता हाच. तो कोणत्या सांख्यिकी खात्यानं केलेला नाही. त्यात एकही माणूस माझ्यासारखा खोटा नाही आणि काकांसारखा कोणी सुटलेला असेल तर त्याला शोधायला माणसं सायकलवर गेली होती. तो पूर्ण शहराचा मात्र नाही, हेही नमूद करतो. बाकीच्या मिल, त्यांच्यावर जगणारे हातगाडीवाले, खानावळी, फाटकाशी उभे राहणारे बदली, हे सगळे त्याच्या बाहेर आहेत. खास करून बदली. ज्याचं नाव कायम हजेरीपटावर चढलं नाही त्यानं दावा कशाच्या जोरावर लावायचा?

अनंत चतुर्दशीला आजही मिलच्या नावानं झांकी निघते. मिल नाही, भोंगा नाही, पण मिलच्या नावाची पाटी घेऊन रात्रभर गणपतीपुढे दिवे लागतात. आपण सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतो. आकडे शोधता शोधता मला त्या पाटीमागे चालणारी माणसं आता वेगळी दिसायला लागली आहेत.

काय करता येईल

त्या तरुण सभासदाला माझं उत्तर असं: रोजगार दफ्तराच्या आकड्यांची वजाबाकी करू नकोस. ते आकडे टाकाऊ नाहीत. शिकलेली मुलं सरकारी नोकरीकडे किती आशेनं बघत होती, याचा तो उत्तम दस्तऐवज आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ दफ्तराकडून नावं मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रातून जाहिरातही द्यावी. त्यानंतर त्या कार्डाचं वजन कसं उतरत गेलं, तेही त्यातून अभ्यासता येईल. पण मिल कामगाराची बेकारी तिथं शोधू नकोस.

ती घराघरांत आहे. बदलीचं कार्ड, मिलचा गेटपास, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी, कोर्टाच्या दाव्याची नक्कल. असा एखादा कागद घरी असेल तर रद्दीत घालू नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कागद कोणाचा, कोणत्या मिलचा, कोणत्या खात्याचा, एवढं लिहून मंडळाकडे द्या. मूळ कागद आपल्याकडेच ठेवा. आणि ज्या घरात कागद नाही पण आठवण आहे, तिथं तीन प्रश्न विचारा. मिल थांबली त्या दिवशी घरात कमावती माणसं किती होती? पुढच्या वर्षी किती? आणि काम कोणतं? दोनशे घरांची उत्तरं जमली तरी आपल्याला असा एक तक्ता करता येईल जो आजवर कोणत्याही दफ्तरात नाही. सुरुवात मी केली आहे. पहिली नोंद काकांच्या घरची. डिसेंबर १९९१ मध्ये कमावणारा एक. डिसेंबर १९९२ मध्ये दोन, काकू शिवणकाम करू लागल्या आणि थोरला मुलगा शाळा सोडून सायकलच्या दुकानात लागला. तक्त्यात बघाल तर त्या घरातला रोजगार दुप्पट झाला.

दुसरी नोंद माझी स्वतःची आहे. "बेकार" या रकान्यात चुकून लिहिलेलं एक नाव, ते आज पस्तीसेक वर्षांनी खोडतो आहे.